माळवदावरची माती : घराच्या डागडुजीचा एक विसरलेला इतिहास

१/२१
सिरसाळा, तालुका परळी, जिल्हा बीड. मराठवाड्याच्या या पट्ट्यातील जुन्या गावठाणांत कौलांच्या उतरत्या छपरांपेक्षा सपाट मातीची छतेच अधिक असत. एका घराचे छत दुसऱ्याला लागून. त्यावर धान्य वाळे, पापड-कुरडया वाळत, उन्हाळ्यात माणसे निजत. या छताला माळवद म्हणतात. आजचा धागा आहे माळवद बांधणाऱ्यांपेक्षा ते दरवर्षी दुरुस्त करणाऱ्यांविषयी.

२/२१
वाडे कोणी बांधले हे बखरींतून व कागदपत्रांतून कळते. घर शंभर वर्षे उभे कोणी ठेवले, याची नोंद मात्र सहसा सापडत नाही. ते काम घरातल्याच माणसांचे होते, आणि घरकामाला दफ्तरात जागा नसते. तरीही एक नोंद उरली आहे. ती मातीत आहे, थरावर थर अशी. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ती नोंद फार भयानक रीतीने सर्वांसमोर उघडी पडली. तेथपर्यंत आपण क्रमाने जाऊ.

३/२१
आधी रचना समजून घेऊ. घराच्या आत लाकडी खांब. खांबांवर तुळया. तुळयांवर जवळजवळ बसविलेल्या कड्या. त्यांवर फळ्या किंवा बारीक लाकडे, त्यांवर पालापाचोळा अथवा काटक्यांचा थर, आणि सर्वांत वर माती. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे खण. घर केवढे आहे हे चौरस फुटांत सांगत नसत. ‘पाच खणांचे घर’, ‘सात खणांचा सोपा’ असे सांगत. मध्ये एक भोक ठेवलेले असे, उजेड आत येण्यासाठी व धूर बाहेर जाण्यासाठी. कोठे त्याला सवणे म्हणतात, कोठे साणे.

४/२१
छतावर माती कोणती, हा प्रश्न महत्त्वाचा. शेतातील काळी माती येथे मुबलक. पण ती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. छतावर तिचा उपयोग नाही. लागते ती पांढरी माती. मराठीत शेतजमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात, ते याच रंगावरून. पिढ्यान्‌पिढ्या राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती एके ठिकाणी साचली की जमीन पांढुरकी होते. ही माती बारीक असते, दाबली की घट्ट बसते, आणि तिच्यातून पाणी सहजी झिरपत नाही.

५/२१
म्हणजे छतासाठीची माती जुन्या, पडलेल्या घरांतूनच येत असे. गावाबाहेरची ओस पडलेली जागा, ढासळलेल्या गढीचा बुरूज, नदीकाठचे टेकाड, ही पांढरीची ठिकाणे. एका पिढीचे घर पडे, त्याची माती होई, आणि तीच माती पुढच्या पिढीच्या डोक्यावर छत म्हणून जाई. आज ज्याला आपण पुनर्वापर म्हणतो, तो येथे रोजचा व्यवहार होता. त्याला वेगळे नाव देण्याची कोणाला गरज वाटली नाही.

६/२१
या व्यवहाराची एक किंमत इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. पुरातत्त्वज्ञ ज्या टेकाडांत प्राचीन वस्ती शोधतात, तीच टेकाडे गावकरी मातीसाठी खणत आले. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे. तेथील पांढरीतून वर येणाऱ्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षे जमविल्या. तो संग्रह आज तेरच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात आहे. अशी नजर सर्वच गावांच्या वाट्याला आली नाही. कित्येक मणी, नाणी व खापरे मातीबरोबर माळवदावर गेली असतील.

७/२१
आता दरवर्षीचे काम. वेळ ठरलेली : उन्हाळा संपत आला की, मृगाच्या आधी. पुरुष बैलगाडीतून पांढरी आणीत. ती भिजवून, भुसा मिसळून तुडवीत. माळवदावरील जुन्या भेगा बुजवून नवा थर पसरीत आणि लाकडी चोपण्याने चोपीत. उतार पन्हळीकडे राहील याची काळजी घेत. भिंती लिंपणे आणि जमीन सारवणे हे बहुधा बायकांचे काम. शेण किती, माती किती, पाणी किती, हे हाताला कळत असे. ते कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते.

८/२१
पावसाळ्यात झड लागली आणि घरात थेंब पडू लागला, तर भर पावसात कोणीतरी वर चढून गळतीच्या जागी मूठभर राख किंवा कोरडी पांढरी दाबून येई. वर्षाचा हिशेब असा : मृगाआधी मोठी डागडुजी, पावसात तात्पुरती, दसरा-दिवाळीला भिंतींची. यासाठी घराबाहेरचा कारागीर सहसा बोलावला जात नसे. घर राखता येणे हे घरातल्या प्रत्येकाला येणारे काम होते, जसे दूध काढणे किंवा भाकरी थापणे.

९/२१
मग गावचा सुतार काय करी? त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे सविस्तर वर्णन केले आहे. सुतार हा महत्त्वाचा बलुतेदार; पण त्याचे बलुते प्रामुख्याने शेतीच्या अवजारांसाठी होते. नांगर, वखर, तिफण दुरुस्त करायची आणि सुगीला धान्याचा वाटा घ्यायचा. नवी गाडी, नवे दार, घराचे लाकूडकाम यांची मजुरी निराळी. म्हणून घरातील लाकडाची लहानसहान दुरुस्ती माणसे स्वतःच करीत, आणि नवे लाकूड शक्यतो विकत घेत नसत.

१०/२१
शेतकऱ्याच्या घरात आजच्या अर्थाने फर्निचर थोडेच. कपाटाचे काम भिंतीतले कोनाडे आणि फडताळे करीत. उरले ते बाज, पाट, पेटी आणि पाळणा. यांतली बाज पाहा. दोर सैल झाला की पायथ्याकडून ओढून ताणायचा. तुटला की सुंभ वळून पुन्हा विणायचा. गाता किंवा खूर मोडला तर तेवढाच बदलायचा. जोडणी खिळ्यांऐवजी भोकात सांधा बसवून केलेली असल्यामुळे कोणताही भाग सुटा करता येई. आजोबांची बाज नातवापर्यंत पोचे, तेव्हा तिच्यातील मूळचे लाकूड किती उरले असेल हा प्रश्नच होता.

११/२१
दार-चौकटीचेही तसेच. घर पडले किंवा वाटणी झाली की खांब, तुळया, चौकट, उंबरा सोडवून नव्या घरात बसवीत. जुन्या घरातील एखाद्या तुळईला निरुपयोगी खाचा दिसतात. त्या तिच्या आधीच्या घरातल्या. लाकूड महाग, माती फुकट. त्यामुळे लाकडाचा प्रत्येक तुकडा मोजून वापरला गेला आणि माती मात्र न मोजता चढत गेली. आपल्या कथेचे मर्म या एका वाक्यात आहे.

१२/२१
थोडा हिशेब करू. दाबलेली कोरडी माती घनमीटरला साधारण १६०० किलो भरते. ३ मीटर रुंद, ४ मीटर लांब अशी एक खोली घ्या. छतावर केवळ १ सेंटिमीटर माती टाकली तर वजन सुमारे १९२ किलो. पावसात काही वाहून गेली आणि वर्षाला अर्धाच सेंटिमीटर टिकली असे धरले, तरी १०० वर्षांत अर्ध्या मीटरचा थर होतो. म्हणजे एका खोलीवर सुमारे साडेनऊ टन. ओली झाली तर त्याहून अधिक. हा केवळ हिशेब आहे. पण प्रत्यक्षात दीड-दोन फुटांची आणि त्याहूनही जाड माळवदे सर्रास होती.

१३/२१
येथे कोणी चूक केली असे म्हणता येईल का? गळती थांबविणारा प्रत्येक थर त्या वर्षापुरता योग्यच होता. जाड मातीमुळे वैशाखातही घर थंड राहत होते, हाही खरा लाभ. जुना थर खरवडून काढायचा तर दुप्पट श्रम, आणि तेवढ्यात पाऊस आला तर घर उघडे. म्हणून नवा थर जुन्यावरच बसे. प्रत्येक पिढीने आपल्यापुरते शहाणपणाचे काम केले. त्या सर्व शहाणपणाची बेरीज मात्र कोणीच केली नाही.

१४/२१
भिंतींतही अशीच एक गोष्ट लपलेली होती. बाहेरून दगडाची भक्कम भिंत दिसे, दोन-अडीच फूट जाड. प्रत्यक्षात ती दोन भिंती असत : एक बाहेरची, एक आतली, मध्ये दगडगोट्यांची आणि मातीची भर. दोन्हींना आरपार बांधणारे लांब दगड पुष्कळ ठिकाणी नसतच. लिंपण दरवर्षी होई, त्यामुळे भिंत नेहमी नीटस दिसे. आतली भर सैल झाली आहे का, हे लिंपण करणाऱ्या हाताला कळण्याचा मार्ग नव्हता.

१५/२१
आता १९९३. सिरसाळ्यापासून दक्षिणेला सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटरवर, लातूर जिल्ह्यात किल्लारी आहे. १९९२ च्या ऑक्टोबरमध्येच तेथे धक्के जाणवले होते. तरीही भूकंप-नकाशावर हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. गणेश विसर्जन आटोपून माणसे निजली होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ क्षमतेचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८००० माणसे मृत्युमुखी पडली.

१६/२१
एवढ्या क्षमतेच्या भूकंपात जगात इतरत्र याहून पुष्कळ कमी हानी झालेली आहे. येथे जीव घेतला तो घरांनी. भिंतींची दोन अंगे एकमेकांपासून सुटली, दगड ढासळले, आणि वरचा टनावारी मातीचा थर निजलेल्या माणसांवर आला. अनेकांचा अंत मातीखाली गुदमरून झाला. ज्या पांढरीने पिढ्यान्‌पिढ्या पाऊस अडविला होता, तिच्याखालून माणसे काढावी लागली. मृगाआधी घातलेला प्रत्येक थर त्या पहाटे एकदम मोजला गेला.

१७/२१
परंतु पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना आणखी एक दृश्य दिसले. काही घरांच्या दगडी भिंती बाहेर पडल्या होत्या, आणि आत खांब-तुळयांचा सांगाडा माळवदासकट उभा होता. जेथे छताचा भार भिंतीवर न टाकता लाकडी खांबांवर पेलला होता व सांधे चांगले होते, तेथे आतली माणसे वाचण्याची शक्यता अधिक होती. म्हणजे जुनी सर्वच विद्या दोषी नव्हती. तिच्यातला एक भाग मारक ठरला आणि दुसरा तारक. ढिगाऱ्याकडे पाहताना हा भेद करणे कोणालाही कठीणच होते. दगड, माती आणि लाकूड या तिन्हींवरचा विश्वास एकाच पहाटे उडाला.

१८/२१
पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने मोठा पुनर्वसन कार्यक्रम राबविला. ५२ गावे नव्या जागी वसविली गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याचा दुसरा भाग फारसा आठवला जात नाही : १३ जिल्ह्यांतील सुमारे २५०० गावांत, दोन लाखांच्या घरात घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण. पैसा व मार्गदर्शन शासनाचे. काम घरमालकांनी स्वतः करायचे किंवा करवून घ्यायचे. स्वतःच्या घराची डागडुजी हे जे काम शतकानुशतके नोंदीबाहेर होते, ते प्रथमच सरकारी योजनेचा विषय झाले.

१९/२१
काय करायचे, हे सांगण्यासाठी गावोगावी बायकाच पुढे आल्या. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेला १९९४ मध्ये लोकसहभागाचे काम सोपविण्यात आले. हजाराहून अधिक गावांतील महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ तयार झाल्या. शिकविण्याचे तंत्र साधे होते : माळवदावरची जादा माती उतरवा, भिंतीत आरपार भोके पाडून काँक्रीटचे बांधदगड घाला, खांब-तुळईच्या सांध्याला तिरपे टेकू द्या, भिंतींना सलग पट्टा द्या. यांतली पहिली सूचना पाहा. डागडुजी म्हणजे भर घालणे, अशी ज्यांची रीत, त्यांना प्रथमच ‘काढा’ असे सांगितले जात होते.

२०/२१
सर्वांनी ते ऐकले नाही. पुष्कळांनी मिळालेल्या पैशात जुन्या घराशेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली आणि जुने माळवद जसेच्या तसे ठेवले. ज्या भिंतींनी शेजाऱ्यांना गाडले, त्यांवर पैसा का घालावा, ही भावना समजण्यासारखी आहे. ढिगाऱ्यातून निघालेले खांब व चौकटी नव्या वसाहतींत गोठ्यांना, पडव्यांना लागल्या. जुन्या वाड्यांच्या दारांना आज शहरांत टेबलांचे रूप येते, त्याच्या कितीतरी आधी ही दारे गरजेपोटी नवा जन्म घेत होती. २००२ मध्ये भूकंप-नकाशा सुधारला, आणि किल्लारी परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला. तिकडे परळीच्या परिसरात औष्णिक केंद्राची राख विटांत जाऊ लागली. पांढरीत राख होतीच. आता ती चुलीऐवजी बॉयलरमधून येते.

२१/२१
मराठवाड्यात अजूनही माळवदाची घरे आहेत. काहींत वृद्ध माणसे एकटी राहतात. आपल्या आजोळी असे घर असेल, तर पुढच्या सुट्टीत एक काम करा. सवण्यापाशी मातीची कड उघडी दिसते. तेथे पट्टी लावून थर किती जाड आहे ते मोजा. भार भिंतीवर आहे की खांबांवर, ते पाहा. थर फुटाहून जाड असेल तर घरच्यांशी बोला, आणि उतरविण्याआधी जाणत्या अभियंत्याला दाखवा; एकाच बाजूची माती काढल्यास तोल जाऊ शकतो. मग आजीला विचारा की शेवटची माती कोणत्या वर्षी टाकली, कोठून आणली, कोणी चोपली. सवणे की साणे, पांढरी की आणखी काही, आपल्या गावचा शब्द कोणता, तेही येथे अवश्य लिहा. या इतिहासाची साधने आजीपाशी आणि त्या कडेपाशीच आहेत.